लेसच्या आरपार

पहिल्या चित्रातली बाही मी तीन आठवडे रंगवत होते. शून्य नंबरचा ब्रश, टायटॅनियम व्हाइट आणि एकेक धागा. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, रात्री डोळे मिटले तरी जाळीच दिसायची. काम संपवून चार पावलं मागं सरकले आणि पोटात खड्डा पडला. लांबून पाहिलं तर बाहीच्या जागी चुन्याचा हात मारल्यासारखा पांढरा डाग, जवळ जावं तर कोळिष्टक. लेस कुठंच नव्हती.

ती बाही माझ्या आजीच्या झंपराची. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या घरातली पत्र्याची ट्रंक रिकामी करायला घेतली. त्यात इरकली लुगडी, खणाचे दोन तुकडे, घड्यांवर विरलेली एक पैठणी आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं हे झंपर निघालं. पांढरी मलमल, कोपरापर्यंत बाही, आणि बाहीचा खालचा वीतभर भाग सगळा लेसचा. याच झंपरातला आजीचा फोटो घरात आहे, १९३४ सालचा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. आजोबा उभे, सोळा वर्षांची आजी खुर्चीत, नऊवारीचा काठ पावलांवर, हात मांडीवर, आणि कोपराच्या वर ती लेस. त्या काळातल्या मराठी घरांच्या फोटोंत हे पुष्कळदा दिसतं. नेसणं आपलं, नथ-वाकी आपल्या आणि बाहीला विलायती जाळी. झंपर हा शब्दही इंग्रजांच्या जंपरवरूनच आलेला.

मी व्यक्तिचित्रं करते. कोल्हापुरात शिकत असताना आम्ही एसटीने औंधला जायचो, श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं बघायला. त्याच्या बायकांपेक्षा त्यांच्या अंगावरच्या कापडाकडेच माझं लक्ष जास्त. रेशमावर पडलेला उजेड, जरीच्या काठाला आलेली मोड. ते वेड तिथलंच. म्हणून ट्रंक उघडल्यावर ठरवलं की या कपड्यांवरून पाच चित्रं करायची. वस्त्रं आजीच्या काळातली, बायका आजच्या.

पहिल्या चित्राला भाची बसली. जुनं झंपर अंगात घालण्याजोगं उरलं नव्हतं, म्हणून शिंप्याकडून तसंच नवं शिवून घेतलं, आणि लेस मात्र आजीचीच समोर ठेवून रंगवली. भाचीला नऊवारी नेसवली, आंबाडा घातला, खुर्चीवर फोटोतल्यासारखं बसवलं. चित्र पूर्ण झाल्यावर आत्याला दाखवलं. आत्या म्हणजे आजीची थोरली लेक, वय ऐंशीच्या पुढं. तिनं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"छान काढलंयस गं. पण ही कोण? हिला उठून कुठं जायचंय की नुसतं बसायचंय?"

म्हणजे लेस जमली नव्हती आणि बाईसुद्धा. या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे, हे कळायला मला आणखी सात महिने लागले.

सुरुवात लेसपासून केली. घड्याळजीकडून जुनं भिंग आणलं आणि बाही काळ्या पुठ्ठ्यावर पसरली. भिंगाखाली जाळीची घरं षटकोनी दिसली, मधमाशांच्या पोळ्यासारखी, एकसारखी एक. हाताच्या कामात इतका सारखेपणा येत नाही. ही यंत्रावरची जाळी. जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिरानं १८०८-०९ च्या सुमाराला अशी जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटं घेतली आणि त्यानंतर लेस हळूहळू सामान्य घरांच्या आवाक्यात आली. त्याआधीची लेस म्हणजे दागिनाच. सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्समध्ये ती बहराला आली. फ्लँडर्सकडे उशीवर टाचण्या टोचून, दोरा गुंडाळलेल्या लाकडी काड्या एकमेकींवरून फिरवत विणायची रीत, व्हेनिसची सुईची. व्हेनिसच्या सुईकामाला इटालियनमध्ये 'पुंतो इन आरिया' म्हणतात, म्हणजे हवेतले टाके. खाली कापड नसतंच. जाड कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेषांवर दोरा ठेवून तो टाचून घ्यायचा, मग त्या दोऱ्याच्या आधारानं मोकळ्या जागेत टाके भरत जायचं, आणि शेवटी टाचण कापून कागद काढून टाकायचा. हातात राहते ती फक्त दोऱ्याची नक्षी.

हे नुसतं वाचून माझं भागेना, म्हणून करायला बसले. रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर. पंधरा दिवसांत जेमतेम तीन सेंटिमीटरचं एक पान झालं. आत्या शेजारी बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, हा तर काजाचा टाका!" खरंच तोच. शर्टाच्या गुंडीसाठी आपण काज करतो तोच टाका, फक्त कापडाच्या कडेऐवजी दोऱ्यावर घातलेला. त्या एका वाक्यानं व्हेनिस मिरजेच्या माजघरात आलं. मी आत्याला विचारलं की आजी कधी असलं काही करायची का. आत्या म्हणाली, सुईचं नाही, पण क्रोशाचं करायची. आणि तिनं झंपराची डावी बाही उलटी केली.

तिथं बोटभर जागेत जाळी वेगळी होती. इतके दिवस भिंग लावून मी उजवी बाहीच बघत बसले होते, ती जास्त शाबूत म्हणून. डाव्या बाहीवर षटकोन एका जागी तुटून थांबले होते आणि पुढं क्रोशाचं काम सुरू झालं होतं. दोरा जाडसर, किंचित पिवळा. दोन्ही कडा मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड टाक्यांनी, बांधून घेतलेल्या, मधे साखळीच्या कमानी आणि खांबांची, म्हणजे उंच उभ्या टाक्यांची, एक ओळ. खांब सगळे एका उंचीचे नव्हते. पहिले ताठ, पुढं पुढं किंचित कललेले, बहुधा दोरा पुरवायचा म्हणून हात आखडता घेतलेला. आत्यानं सांगितलं की मिरज जंक्शनवर गाडीत चढताना ही बाही दाराच्या कडीला अडकून फाटली होती, आणि आजीनं घरी येऊन कुणाला कळायच्या आत, फाटल्या जागी क्रोशा घालून सांधली. विकतची जाळी अंगभर सारखी होती, पण आजीचा हात एवढ्या बोटभर जागेतच होता. मला काय रंगवायचंय ते त्या दुपारी कळलं. कसं, ते अजून कळलेलं नव्हतं.

मग मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांकडे वळले. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमनं आपल्या संग्रहातली चित्रं इंटरनेटवर इतकी मोठी करून ठेवली आहेत की ब्रशचा केस न केस मोजता येतो. रेम्ब्रांटनं १६३९ साली केलेलं, मारिया ट्रिपचं मानलं जाणारं व्यक्तिचित्र मी कित्येक रात्री उघडून बसायची. त्या काळातल्या चित्रकारांच्या हातावर लेसच्या अनेक रीती आहेत. फ्रान्स हाल्स झपाट्यानं फटकारे मारतो आणि दहा फुटांवरून बघितलं की गळपट्टी जिवंत होते. रेम्ब्रांटच्या काही चित्रांत मात्र रीत चक्क उलटी आहे. आधी गळपट्टीचा सबंध पांढरा आकार घालायचा, आणि मग त्याच्यावर काळ्यानं भोकं काढायची. धागे रंगवायचेच नाहीत. भोकं नीट पडली की धागे आपोआप उरतात. आणि पॅरिसच्या लूव्हरमधलं व्हर्मीरचं ते वहीच्या पानापेक्षा मोठं नसलेलं चित्र, 'लेस विणणारी'. त्यात विणलेली लेस जवळजवळ दिसतच नाही. पुढच्या उशीतून लाल-पांढरे धागे रंग सांडल्यासारखे अस्पष्ट ओघळलेत आणि तिच्या बोटांतले दोनच धागे केसाएवढे रेखीव आहेत. तिची नजर जिथं आहे, तेवढंच स्पष्ट.

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं, चार छोट्या बोर्डांवर करूनही बघितलं. काळ्यानं भोकं काढली की लेस दिसायला लागली, पण ती डच लेस दिसायची, आजीची नाही. का, याचा विचार करत होते तेव्हा लख्खकन लक्षात आलं. त्यांची भोकं काळी, कारण आतला कपडा काळा. लेसच्या भोकाचा रंग हा मागं जे काही असेल त्याचा. आणि माझ्या चित्रात मागं काय होतं? भाचीचा दंड होता. पण वर लेस येणारच आहे म्हणून तो मी धड रंगवलाच नव्हता, सपाट गुलाबी हात फिरवून सोडून दिला होता. त्या लेसच्या मागं माणूसच नव्हतं. आत्यानं विचारलं होतं तेच.

त्यानंतर मी भाचीला बोलावलं नाही. चुलतभावाच्या घरी गेले. वहिनी एसटीत वाहक आहेत. सकाळची गाडी घेऊन दुपारी परतल्या होत्या, खाकी अंगावर तशीच, खुर्चीत बसून पाय मोकळे करत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं चित्र काढू?" त्या म्हणाल्या, "ताई, अशा अवतारात?" म्हटलं, "याच कपड्यांत. बदलायचं काही नाही." झंपर त्यांना दाखवलं. त्यांनी हात धुऊन, पुसून, मगच ते घेतलं. अंगाला लावून बघितलं तर त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मधे मावेल एवढं. "एवढीशी होत्या आजी?" म्हणाल्या, आणि उघडी डावी बाही स्वतःच्या हातावर, खाकी बाहीवरून पसरवून बघत राहिल्या. मला पोझ द्यायला सांगावंच लागलं नाही. चित्र तेच. तीस बाय छत्तीस इंच, खुर्चीत बसलेली बाई, कामावरून आलेली, उजव्या हातानं डाव्या हातावरची लेस सारखी करणारी. लेसच्या प्रत्येक भोकातून खाकी.

सहा बैठका झाल्या, प्रत्येक त्यांच्या सुटीच्या दिवशी. पहिल्या चार बैठकांत मी लेस समोर ठेवलीच नाही. ती नाहीच असं समजून हात आणि खाकी पूर्ण रंगवली, सुरकुत्यांसह, कोपराशी विटलेल्या जागेसह. खाकी हा रंग फार कठीण. नुसत्या यलो ऑकरमध्ये काळा घातला की ती शेवाळते. रॉ अंबर, यलो ऑकर, चिमूटभर टेरा व्हर्ट आणि सावलीत अल्ट्रामरीन, असं करत करत जमली. वहिनींच्या खांद्यावर पट्ट्याच्या रोजच्या ओढीनं कापडाची लव गेली आहे आणि तिथं एक गुळगुळीत चकाकी आलीय. ती यायलाच हवी होती, त्यात दोन दिवस गेले.

मग वाळू द्यायचं. इथं माझ्याकडून घाई झाली. आठव्या दिवशी वरून हात घातला. त्यात कॅनव्हास दुकानातून तयार आणलेला, त्याला अस्तर धड लावलेलं नव्हतं, तेल मागच्या बाजूनं पाझरलं होतं. टर्पेंटाइनचा ब्रश लागताच खाकी उठून आली आणि सबंध कोपर गेलं. रडू आलं. दुसरा कॅनव्हास स्वतः ताणला, सरस आणि जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात स्वतः दिले, घासले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वहिनी एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. पुन्हा चार बैठका दिल्या. या वेळी खालचा थर तीन आठवडे वाळू दिला.

त्यावर लेस आली ती अशी. बाहीच्या आकारात दुधाच्या सायीसारखा पातळ पांढरा थर फिरवला, इतका पातळ की खालची खाकी धूसर दिसत राहावी. तो ओला असतानाच, लांब केसांचा रिगर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसायचा आणि त्याच्या टोकानं एकेक भोक उघडायचं. रंग लावायचा नाही, उचलायचा. भोकातून जी खाकी दिसते ती महिनाभरापूर्वी वहिनींना समोर बसवून रंगवलेलीच. एका वेळी चार बोटं रुंदीचाच पट्टा घ्यायचा, कारण थर चिकट व्हायला लागला की हात थांबवावा लागतो. सगळी भोकं उघडायची नाहीत, हे व्हर्मीरकडून घेतलं. बोटांच्या जवळ ती स्पष्ट, कोपराकडे विरत जाणारी, उजेड थेट पडतो तिथं नुसता पांढरा.

आणि पांढरा तरी कुठला पांढरा? नव्वद वर्षांचं सूत पांढरं नसतं. टायटॅनियम व्हाइट जसाच्या तसा लावला की तो ट्यूबलाइटसारखा थंड दिसतो. त्यात नेपल्स यलो आणि रॉ अंबरचा कण घालून मी तो उतरवला, तरी घड्यांच्या जागी तपकिरी रेघा होत्या त्या वेगळ्या काढाव्या लागल्या. आईचं म्हणणं होतं की आधी निळीच्या पाण्यातून काढू, लख्ख होईल. मी हात लावू दिला नाही. शुद्ध पाण्यात, जाळीच्या कापडावर आडवं ठेवून एकदा भिजवलं, न पिळता सावलीत आडवंच वाळवलं. घडीच्या रेघा राहिल्या. त्याही आजीच्याच ट्रंकेतल्या आहेत, चित्रात त्या यायलाच हव्यात. अस्सल टायटॅनियम फक्त चार ठिकाणी आहे, ठसठशीत, बोटाला लागेल असा, आणि ती चारही ठिकाणं क्रोशाच्या सांध्यावर. क्रोशाचे खांब मात्र मी एकेक करून रंगवले. तिथं भोकं उघडायची युक्ती चालली नसती. ते हातानं घातलेले होते.

दुसरं चित्र आत्याचं, इरकलीतलं. तिथं सगळं उलटं. भोक नाही, दाट कापड. उभा धागा निळा आणि आडवा तांबडा, त्यामुळं पोत एका अंगानं निळं आणि दुसऱ्या अंगानं जांभळं दिसतं. पॅलेटवर दोन्ही मिसळून जांभळा केला की कापड मरतं. खाली निळा वाळवून वर तांबड्याचे कोरडे, तुटक फटकारे मारले तेव्हा ते हललं. इरकलीचा टोप पदर स्वतंत्र ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाच्या ताण्याला फाशांनी जोडलेला, म्हणून त्या जागी एक बारीक गाठाळ रेघ असते. आत्याचं बोट बोलताना सवयीनं त्याच रेघेवरून फिरत असतं. चित्रातही ते तिथंच आहे.

पैठणीला अजून हात लावलेला नाही. खरी पैठणी उलटसुलट सारखीच दिसते, मागं दोरे लोंबत नाहीत, इतकं प्रत्येक रंगाचं टोक जागच्या जागी अडकवलेलं असतं. ते कुणाच्या अंगावर आणायचं हे ठरेपर्यंत थांबणार आहे.

मधे एका गॅलरीवाल्यांनी वहिनींचं चित्र बघितलं. काम आवडलं म्हणाले, पण खाकीच्या जागी साडी आणि नाकात नथ घातली तर लगेच विकलं जाईल असं सुचवलं. मला त्या सूचनेचा राग आला, अजून येतो. नथीवर माझं काही म्हणणं नाही. पण वहिनींनी पहाटे चारला उठून घातलेला कपडा हा त्यांचा पोशाख आहे, आणि आजीनं फाटलेली बाही सांधून पुन्हा घातली तोही. कापड अंगावर वापरलं जातं म्हणूनच ते रंगवावंसं वाटतं. चित्र मी परत आणलं.

वहिनींना ते पूर्ण झाल्यावर दाखवायचं राहिलं होतं. गेल्या महिन्यात ड्यूटी संपवून त्या थेट घरी आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या, आधी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खांद्याकडे. "पट्ट्याची जागा बरोबर आलीय," म्हणाल्या. मग वाकून सांध्यापाशी गेल्या आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. त्या झंपर हातात घेऊन काही दुपारी बसल्या होत्या, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"ताई, हे अकरा आहेत. आजींनी बारा घातलेत."

मी ट्रंकेतून झंपर काढलं आणि दोघींनी दिव्याखाली धरून मोजलं. बाराच होते. शेवटचा खांब कडेच्या मुक्या खांबाला इतका टेकलेला की मला तो वेगळा दिसलाच नव्हता. वहिनींना चहा दिला, त्या गेल्या, आणि मी पॅलेट पुन्हा काढलं. खाली खाकी पक्की वाळलेली होती. एवढ्याशा जागेत साय फिरवली, दोन बाजूंची दोन भोकं उघडली, आणि मधे बारावा खांब घातला, थोडा कललेला.